साठीनंतरची लाँग रन : जिद्द कुठे लावायची?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचे नोव्हेंबर-डिसेंबरमधले रविवार लाँग रनसाठी राखलेले असतात. पहाटे मरीन ड्राइव्हवर किंवा पुण्यात पाषाणच्या रस्त्यावर धावणाऱ्यांचे जे घोळके दिसतात, त्यांत पांढऱ्या केसांची माणसे आता भरपूर असतात. पहिले वीस किलोमीटर गप्पांत निघून जातात. पंचविसाव्यानंतर गप्पा थांबतात, पोटऱ्या आवळू लागतात, आणि एकच प्रश्न उरतो : शरीर ‘थांब’ म्हणते आहे, तर त्याचे ऐकायचे की रेटून न्यायचे?

वाढत्या वयात हा प्रश्न जास्त गंभीर असतो. त्याचे उत्तर मात्र निव्वळ धाडसावर सोडायची गरज नाही. धावताना शरीरात काय चालते, हे विज्ञानाला आता बरेच ठाऊक आहे.

सुरुवात हृदयापासून करू. वय वाढते तशी हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा खाली येते. २००१ मध्ये मांडलेल्या आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा केले की ही मर्यादा अंदाजे मिळते. तिशीत ती १८७ येते, साठीत १६६. स्नायूंना मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरता येतो, ती क्षमताही बैठ्या माणसात दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नेटाने सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घसरण बरीच मंदावते.

ती किती मंदावू शकते, हे कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी दाखवले. २००३ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी टोरांटोत तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केली. सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही तोवर हे जमले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी ती वेळ २ तास ५५ मिनिटांच्या आत आणली. ऐंशी उलटल्यावर प्रयोगशाळेत मोजलेली त्यांची ऑक्सिजन-क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ५४ मिलिलिटर होती. न धावणाऱ्या निरोगी तरुणाची साधारण ४० ते ४५ असते. त्यांच्या सरावात दिखाऊ काही नव्हते. मिल्टन गावातल्या घराजवळच्या दफनभूमीत ते छोट्या फेऱ्या मारत, अगदी सावकाश, कधी कधी तीन-तीन तास. किलोमीटर ते मोजत नसत. घड्याळातली वेळ मोजत.

त्यांची ही सवय ज्येष्ठ धावपटूने जरूर उचलावी. तरुण माणूस तीस किलोमीटर अडीच-तीन तासांत संपवतो. किलोमीटरला आठ मिनिटे घेणाऱ्याला तेच अंतर चार तास रस्त्यावर ठेवते. कागदावर दोघांचा सराव सारखा दिसला, तरी पायांवर, उष्णतेवर आणि पाण्यावर पडणारा भार सारखा नसतो. म्हणून लाँग रनला तीन-साडेतीन तासांची सीमा घालणे शहाणपणाचे.

आता त्या पंचविसाव्या किलोमीटरकडे येऊ. धावताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरसाठी अडीच हजार कॅलरी लागतात. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून मिळतात सुमारे दोन हजार. चरबीचा साठा अफाट असतो, पण तो संथपणे जळतो. वेग जितका जास्त, तितके ग्लायकोजेन लवकर संपते. तिसाव्याच्या आसपास अनेकांना ‘वॉल’ लागते, म्हणजे पाय अचानक साथ सोडतात, त्यामागचा हिशेब हा. त्यामुळे शेवटच्या टप्प्यातले हाल बरेचदा पहिल्या दहा किलोमीटरमध्येच ठरून गेलेले असतात. सुरुवातीला पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता येईल असा वेग ठेवला आणि तासाभरानंतर थोडे थोडे खजूर, केळे किंवा एनर्जी जेल घेत राहिले, तर वॉल लांबते.

तरीही थकवा येणारच. पण हा थकवा पूर्णपणे स्नायूंचा नसतो. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी सायकलपटूंना कर्बोदकाच्या पाण्याने नुसत्या चुळा भरायला लावल्या. पाणी गिळायचे नव्हते, थुंकायचे होते. तरी तासाभराच्या शर्यतीतली त्यांची कामगिरी जवळपास तीन टक्क्यांनी सुधारली. पोटात काहीच गेले नव्हते; अन्न येते आहे, एवढी खबर मेंदूला मिळाली आणि त्याने हात थोडा सैल सोडला. २०१४ मधल्या दुसऱ्या प्रयोगात स्वतःशी प्रोत्साहनाचे बोल ठरवून बोलायला शिकलेले लोक पूर्ण दमेपर्यंत १८ टक्के जास्त वेळ सायकल चालवू शकले. कष्टाची जाणीव हा मेंदूचा अंदाज असतो आणि तो सावधगिरीकडे झुकलेला असतो. दोन्ही पायांत सारखा पसरलेला जडपणा, कंटाळा, ‘आता पुरे’ हा घोष, ही सगळी त्या अंदाजाची भाषा. इथे रेटायला हरकत नाही. पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत, मग त्याच्या पुढच्या, असे अंतराचे तुकडे पाडत जाणे इथे खरोखर कामी येते.

काही संकेत मात्र अंदाज नसतात, इशारे असतात. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, घेरी, अनियमित धडधड, उन्हात अंगावर काटा येणे, बोलताना गोंधळ उडणे. यांपैकी काहीही जाणवले की तिथेच थांबायचे आणि डॉक्टरकडे जायचे. अमेरिकेत सुमारे एक कोटी नऊ लाख धावपटूंच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शर्यतीत हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या. धोका खूपच कमी आहे. पण साठीनंतर हृदयाची तपासणी न करता मॅरेथॉनला उतरणे म्हणजे तो विनाकारण वाढवणे होय.

दुसरा इशारा एकाच बिंदूत टोचणाऱ्या दुखण्याचा. त्याने चाल बदलली, लंगडणे सुरू झाले, की रन संपली. पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलिस टेंडनचा अभ्यास डेन्मार्कमधल्या संशोधकांनी केला. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्यांनी या ऊतीत शोधला. वयाच्या सतराव्या वर्षानंतर या टेंडनचा गाभा जवळजवळ नव्याने घडतच नाही, असे त्यांना २०१३ मध्ये दिसले. साठीतला माणूस किशोरवयात तयार झालेल्या गाभ्यावर धावत असतो. त्याला जपावेच लागते.

औषधांचेही भान हवे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके औषधामुळेच कमी राहतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातले ठोक्यांचे ‘झोन’ त्याला फसवतात. त्याने श्वासावर आणि बोलता येण्यावर विसंबावे. दुखू नये म्हणून धावण्याआधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याची सवय घातक आहे. पाणी कमी झालेल्या शरीरात ही औषधे मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत तो आणखी वाढतो. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून दमट किनाऱ्यावर ठरवून घोट घोट पाणी घ्यावे. पण भीतीपोटी लिटरच्या लिटर ढोसले, तर रक्तातले सोडियम घसरते, आणि तेही जिवावर बेतू शकते.

लाँग रनचा फायदा रस्त्यावर मिळत नाही. तो नंतरच्या विश्रांतीत मिळतो. ज्येष्ठांच्या स्नायूंना दुरुस्तीसाठी वेळ जास्त लागतो आणि प्रथिनेही. एका जेवणात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.४ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला चोवीस ग्रॅम. धावून आल्यावर नुसत्या पोहे-चहाने हे भागत नाही. सोबत अंडी, पनीर, मोडाच्या मुगाची उसळ, दूध असे काही हवे.

‘या वयात धावून शरीर लवकर झिजेल’ असे घरचे म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंचा आणि न धावणाऱ्यांचा दोन दशके पाठपुरावा केला. तोवर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोक दगावले होते, धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. आणि धावणाऱ्यांना परावलंबित्व खूप उशिरा आले. धावणारे मुळातच निरोगी असण्याचा वाटा यात असेल. पण धावण्याने म्हातारपण लवकर येते, ही भीती इथे टिकत नाही.

म्हणून साठीनंतरही धावावे, आणि जिद्दीने धावावे. ही जिद्द पहिल्या दहा किलोमीटरमध्ये पुढे जाणाऱ्या तरुणांना जाऊ देण्यासाठी लागते, शेवटच्या पाचांत पाऊल उचलत राहण्यासाठी लागते, आणि सोमवारी-मंगळवारी पाय शिवशिवत असताना घरी बसण्यासाठीही लागते. तिन्ही ठिकाणी ती लावणारा ज्येष्ठ धावपटू पुढच्या वर्षीही स्टार्ट लाइनवर असण्याची शक्यता सर्वांत जास्त.