थंडी सोसणारी जास्वंद

अलिबाग-रेवदंड्याकडच्या परसात लाल जास्वंद बारा महिने फुलते. तीच मार्कहॅमच्या अंगणात लावली तर पहिल्याच हिवाळ्यात मरते. तिला कुंडीत वाढवून थंडीआधी घरात आणावे लागते. पण जास्वंदीची एक बहीण इथला बर्फ सोसते. नर्सरीत तिला ‘रोझ ऑफ शेरॉन’ म्हणतात. शास्त्रीय नाव हिबिस्कस सिरियाकस.

नाव कुठून आले? शिर हशिरीममध्ये ‘हवत्सेलेत हशारोन’ असे शब्द आहेत. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात त्यांचे ‘रोझ ऑफ शेरॉन’ झाले आणि पुढे ते नाव या झुडपाला चिकटले. झुडूप मात्र ना गुलाबाचे, ना शारोनच्या मैदानातले. ते मूळचे चीनकडचे. लिनियसने १७५३ मध्ये त्याला सिरियाचे नाव दिले. इस्रायलमध्ये आज समुद्रकाठच्या वाळूत उगवणाऱ्या एका पांढऱ्या कंदफुलाला हवत्सेलेत म्हणतात.

ओळख: झुडूप उभट, ८ ते १२ फूट उंच. पाने बहुधा तीन खंडांची, दातेरी कडांची, फांदीवर एकाआड एक. फुले पांढरी, गुलाबी किंवा जांभळी. मधोमध जास्वंदीसारखाच दांडा. एक फूल साधारण एकच दिवस टिकते, पण उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत रोज नवी फुले येतात. लायलॅक वेगळा: तो मे महिन्यात फुलतो, त्याची पाने हृदयाच्या आकाराची आणि समोरासमोर असतात.

लागवड: मे-जूनमध्ये, निदान सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही अशा जागी लावावे. पहिल्या उन्हाळ्यात मुळांपर्यंत पोचेल असे पाणी द्यावे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी मार्च-एप्रिलमध्ये, पालवीआधी करावी. सुकलेली बोंडे काढून टाकावीत, नाहीतर बी पडून अंगणभर रोपे उगवतात.

सर्वांत महत्त्वाचे: शेजारची झाडे हिरवी झाली तरी हे झुडूप मे महिन्यात काटकीसारखे उभे असते. मेले समजून अनेकजण ते उपटतात. आधी नखाने फांदीची साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहावी.

घरी विचारा: आजी-आजोबांच्या गावी परसात कोणती फुले होती? त्यांची मराठी नावे वहीत लिहून आणा.