वाघासाठी ६०० मिमीची लेन्स हवीच का?

ताडोब्याच्या सफारीचं बुकिंग झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: लेन्स कोणती घ्यायची? बहुतेकांचं उत्तर असतं, जेवढी लांब पल्ल्याची तेवढी चांगली. पण जिप्सीसमोर २० मीटरवर वाघ आला, की हेच उत्तर अंगाशी येऊ शकतं.

फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. त्यावर ६०० मिमीची लेन्स लावली, तर २० मीटरवरचं जेमतेम १.२ मीटर रुंदीचं दृश्य फोटोत मावतं. आडवा चालणारा वाघ त्यात बसणारच नाही. चेहरा आणि खांदे मिळतील, बाकीचा वाघ बाहेर! २०० मिमीवर हीच रुंदी ३.६ मीटर होते. याउलट, तेवढ्याच अंतरावरचा १६ सेंटिमीटरचा खंड्या ६०० मिमीवरही फ्रेमचा सातवा-आठवा हिस्साच व्यापतो. म्हणून मुख्यतः वाघ, गवे, सांबर टिपायचे असतील तर १००-४०० मिमीची झूम लेन्स पुरते. भिगवणच्या पक्ष्यांसाठी मात्र २००-६०० मिमीची झूम घ्यावी. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा असेल तर ४०० मिमीची लेन्सही साधारण ६०० मिमीइतकं जवळचं दृश्य देते.

खरी अडचण उजेडाची. वाघ पहाटे आणि सांजवेळी जास्त हालचाल करतो, नेमका तेव्हाच प्रकाश कमी असतो. एफ/४ची लेन्स एफ/६.३पेक्षा सुमारे अडीचपट प्रकाश आत घेते. महागड्या लेन्सचे पैसे मुख्यतः याचेच. कॅननची ८०० मिमी एफ/११ लेन्स सव्वा किलोची आणि तुलनेने स्वस्त आहे. बऱ्याच डीएसएलआरमध्ये एफ/८च्या पुढे ऑटोफोकस चालत नसे. मिररलेस मात्र थेट सेन्सरवरून फोकस करतो, म्हणून ही लेन्स त्यावर चालते. पण फोकस झाला म्हणजे उजेड पुरला असं नव्हे. एफ/५.६च्या फक्त चौथा हिस्सा प्रकाश मिळतो, त्यामुळे पहाटे आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे दिसतात. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावला तरी निम्मा प्रकाश जातोच.

स्टॅबिलायझेशनवरही फार विसंबू नये. ते हाताची थरथर सावरतं, धावत्या हरणाची नाही. त्यासाठी शटर स्पीड किमान १/१००० हवा, उडत्या पक्ष्यासाठी त्याहून जास्त.

राहिलं वजन. सोनीची २००-६०० मिमी दोन किलोंच्या वर जाते. जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. दांड्यावर ठेवलेली बीन बॅग बरी. पहिलीच सफारी असेल तर लेन्स आधी दोन दिवस भाड्याने घ्यावी आणि घराजवळच्या तळ्यावर चालवून बघावी.