जेजुरीत कॅमेरा नेताना
पुण्यापासून साधारण 50 किलोमीटरवरची जेजुरी छायाचित्रण कार्यशाळावाले गाठतात ते बहुधा सोमवती अमावस्येला. खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते आणि भंडाऱ्याची उधळण सुरू होते. हळदीची ही भुकटी लेन्सच्या फिरत्या कड्यात शिरली की कड्याची करकर सुरू! खंडोबाच्या गडावर लेन्स बदलायचीच नाही. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, नंतर ब्लोअरने झटकावं. ओलं फडकं लावलंत की डाग बसलाच. खंडोबाची गाणी गाणाऱ्या वाघ्या-मुरळींचे फोटो हवेत तर आधी त्यांच्या जागरणाला बसा, विचारा, मग कॅमेरा काढा. नुसतं ‘मावशी, इकडे बघा’ बरं दिसत नाही. दसऱ्याच्या उत्सवात सुमारे 42 किलोचा खंडा, म्हणजे देवाची तलवार, तोलणारे मात्र स्वतःहून पोझ देतात.