कमी दराचा ठेका आणि ‘जादा काम’

बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर वाचतो, उगवणीची टक्केवारी पाहतो. बांधकामाचा ठेका देताना मात्र कागदावरचा शेवटचा आकडा तेवढा बघतो. आमच्या घरीही तेच झाले.

वालीवला आता भातखाचरांपेक्षा कारखान्यांचे गाळेच जास्त. उरलेल्या तुकड्यावर थोरल्या भावाने भात, पेंढा ठेवायला गोदाम बांधायचे ठरवले. तीन ठेकेदारांचे दर आले: ४ लाख ६० हजार, ५ लाख २० हजार आणि ५ लाख ३५ हजार. पहिल्याला काम दिले. मीही मान डोलावली, हे कबूल करतो.

जागा सखल. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी कसे तुंबले होते ते आपणास आठवत असेलच. बाकी दोघांनी जोत्यात ४० ब्रास मुरमाचा भराव दरातच धरला होता. पहिल्याने धरला नव्हता, आणि जागा त्यानेही पाहिली होती! पाया वर आल्यावर म्हणतो, "दादा, भराव आपल्या बोलण्यात नव्हता." अर्धे काम झाल्यावर दुसरा माणूस कुठून आणायचा? बाजारात १,५०० रुपये ब्रास चालू असताना याने २,२०० लावले. झाले ८८ हजार. त्यातही मोजणी डंपरमध्ये. सुटा मुरूम पाणी मारून दाबला की खाली बसतो, म्हणून भराव जागेवर, दाबल्यावरच मोजावा. पुढे ट्रॅक्टर आत जावा म्हणून भावाने दरवाजा रुंद करायला तोंडी सांगितले, त्याचे २४ हजार. एकूण ५ लाख ७२ हजार! दरवाजाचे सोडून द्या. नुसत्या भरावानेच हा ठेका तिघांत महाग पडला.

ठेकेदार लबाडच असतो असे नाही. साहित्य, मजुरी, यंत्रभाडे यांवर त्याचा वरखर्च आणि नफा असतोच. केंद्रीय बांधकाम खातेही दर काढताना त्यासाठी १५ टक्के धरते. मध्येच बदल केला की मजुरांचा खोळंबा होतो, सेंट्रिंगचे भाडे चढते. तेही द्यावे. पण दर भरताना त्याला स्पर्धा असते, जादा कामाला नसते. गोम इथे आहे.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनीही फार कमी दराची निविदा आली की अंदाजपत्रक पुन्हा उघडावे. खोदाई, भराव, पाणी उपसा यांपैकी काय कमी धरले आहे ते जागेवर जाऊन पाहावे. राज्याच्या बांधकाम खात्याच्या बी-१ निविदेत ३८ वे कलम आहे. एखाद्या बाबीचे परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढले तरी काम निविदेच्याच दराने करावे लागते. हे कलम वाचून ठेवा, बिलाच्या वेळी उपयोगी पडते.

यंदा भावाने कुंपणाची भिंत काढली. सही करण्याआधी खोदाई, भराव आणि जादा विटकाम यांचे दर कागदावर लिहून मागितले, आणि लेखी सांगितल्याशिवाय केलेल्या बदलाचे पैसे मिळणार नाहीत, अशी ओळ घातली. ठेकेदार रुसून गेला. तिसऱ्या दिवशी येऊन सही करून गेला.