दोन तारखांमधले कामाचे दिवस : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, फेरफाराची नोंद, रोजगार हमीचे हजेरीपट अशा अनेक कामांचा हिशेब आता संगणकातील नोंदींवर चालतो, आणि कोणते काम किती दिवसांत झाले हे त्या नोंदींमधील दोन तारखांवरून ठरवले जाते. डेटाबेसला, म्हणजे अशा नोंदींच्या सुरचित साठ्याला, विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. एका तारखेतून दुसरी तारीख वजा करणारी क्वेरी एका ओळीत लिहिता येते. त्यामुळे कामाचे दिवस मोजणे हे अंकगणिताचे सोपे उदाहरण आहे असा समज रूढ झाला आहे. वास्तविक त्यातला अंकगणिताचा भाग किरकोळ असून खरा प्रश्न कोणता दिवस मोजायचा हा आहे, आणि त्याचे उत्तर कायदा, शासनाचे आदेश व ठिकाण यांवर अवलंबून असते.

पहिला गैरसमज असा की आठवड्यात पाच दिवस काम चालत असल्याने एकूण दिवसांना पाचाने गुणून साताने भागले की कामाचे दिवस मिळतात. मे २०२४ मधील एक आठवडा घेतला तर या सूत्राचे काय होते ते दिसते. शुक्रवार, १७ मे रोजी मुरबाडच्या तहसील कार्यालयात अर्ज दाखल झाला आणि शुक्रवार, २४ मे रोजी तो निकाली निघाला, असे समजू. तारखांची वजाबाकी ७ दिवस सांगते आणि वरील सूत्र ५ दिवस सांगते; शनिवार-रविवार नेमके वगळणारी क्वेरीही ५ हेच उत्तर देते, त्यामुळे सूत्र बरोबर असल्याचा भास अधिकच पक्का होतो. परंतु त्या आठवड्यात सोमवार, २० मे रोजी भिवंडी लोकसभा मतदारसंघात मतदान आणि त्यासाठी सुटी होती, आणि मुरबाड व शहापूर हे दोन्ही तालुके त्याच मतदारसंघात येतात. गुरुवार, २३ मे रोजी बुद्धपौर्णिमेची सुटी होती. अर्जाचा दिवस सोडला तर प्रत्यक्ष कामाचे दिवस २१, २२ आणि २४ मे असे तीनच उरतात. माळशेज घाट चढून गेल्यावर लागणारा जुन्नर तालुका मात्र शिरूर मतदारसंघात मोडतो आणि तेथील मतदान १३ मे रोजी, म्हणजे आदल्या सोमवारी, झाले होते. म्हणून त्याच दोन तारखांमध्ये जुन्नरला कामाचे चार दिवस भरतात. सात, पाच, चार आणि तीन ही चारही उत्तरे वजाबाकी म्हणून अचूक आहेत, पण मुरबाडच्या अर्जदाराच्या दृष्टीने त्यांतले एकच खरे आहे.

यातूनच दुसरा गैरसमज उघडा पडतो : सुट्यांची एक यादी वर्षारंभी भरून ठेवली की काम भागते. सार्वजनिक सुट्या राज्य शासन १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे धनादेश, हुंडी आदी दस्तांविषयीच्या कायद्याच्या, कलम २५ चा आधार घेऊन दरवर्षी जाहीर करते. त्यांच्या जोडीला जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरत्या स्थानिक सुट्या देतात. याशिवाय वर्षाच्या मध्येच यादी बदलते. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, राज्यभर सार्वजनिक सुटी जाहीर झाली. डिसेंबरमध्ये भरलेल्या कोणत्याही यादीत ती असणे शक्य नव्हते. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची ५ सप्टेंबरची सुटी मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ८ सप्टेंबरला नेण्यात आली, इतर जिल्ह्यांत ती ५ तारखेलाच राहिली. मुंबईत बसून मुंबईच्या यादीवर चालवलेली क्वेरी त्या काळात शहापूरच्या कार्यालयाच्या खात्यावर ५ तारखेचा नसलेला कामाचा दिवस चढवेल आणि ८ तारखेचा असलेला दिवस पुसून टाकेल. बेरीज जुळेल, पण दोन्ही दिवस चुकीचे असतील. आणि त्या दोहोंच्या मध्ये मुदत संपणाऱ्या अर्जाच्या बाबतीत ती बेरीजही जुळणार नाही.

शनिवारचा प्रश्न अधिक फसवा आहे, कारण त्याला इतिहास आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला आणि ती तारीख स्वतःच त्या महिन्याचा पाचवा शनिवार होती. त्याआधी फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा असे. म्हणून ‘शनिवार वगळा’ हा नियम २०१९ च्या नोंदींना लावला तर त्या वर्षीचा विलंब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि जुन्या-नव्या कारभाराची तुलना मुळातच वाकडी होते. बँकांची रीत तर आजही वेगळी आहे : १ सप्टेंबर २०१५ पासून त्यांना दुसरा व चौथा शनिवार सुटी असतो, बाकीचे शनिवार कामाचे असतात. डिसेंबर २०१६ मध्ये रोखविरहित गाव म्हणून गाजलेल्या मुरबाड तालुक्यातील धसईच्या व्यवहारांना बँकेचे वेळापत्रक लागू होईल, तालुक्याच्या महसुली कामांना तहसीलचे, आणि शाळांना पाच दिवसांच्या आठवड्यातून वगळलेले असल्यामुळे शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्पातील आश्रमशाळांना तिसरेच. एका तालुक्याला एकच दिनदर्शिका असते हे गृहीतच टिकत नाही.

आठवड्याचा वार अंकाने ओळखताना होणारी चूक तांत्रिक असली तरी तिचा परिणाम मोठा आहे. ६ आणि ७ म्हणजे शनिवार आणि रविवार असे धरून लिहिलेली अट सोमवारला १ मानणाऱ्या पद्धतीत बरोबर चालते. परंतु मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतील ‘डेऑफवीक’ हे फलन, म्हणजे दिलेल्या तारखेवरून उत्तर काढून देणारी तयार आज्ञा, रविवारला १ मानते, त्यामुळे तीच अट तेथे शुक्रवार आणि शनिवार वगळते व रविवारी कार्यालय उघडे ठेवते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हा क्रमांक जोडणीच्या भाषेवर आणि मांडणीवर बदलतो. पोस्टग्रेसमध्ये रविवारला ० मानणारी आणि सोमवारला १ व रविवारला ७ मानणारी अशा दोन पद्धतींची वेगवेगळी नावे आहेत आणि नावातल्या तीन अक्षरांचा फरक सहज नजरेतून सुटतो.

कायद्याच्या बाजूने पाहता आणखी एक समज दूर करणे आवश्यक आहे. सरकारी मुदत म्हणजे आपोआप कामकाजाचे दिवस, असे कार्यालयांत आणि लोकांतही मानले जाते. वस्तुतः तरतुदीत कामकाजाचे दिवस असे स्पष्ट म्हटले नसेल तर मुदत दिनदर्शिकेच्या सलग दिवसांची असते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार ‘पासून’ असा शब्द असेल तेव्हा पहिला दिवस सोडला जातो, आणि अखेरच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेली कृती मुदतीतली धरली जाते. मधल्या सुट्या मात्र वजा होत नाहीत. माहिती अधिकाराचे ३० दिवस असेच सलग मोजले जातात. त्यातही २००५ च्या त्या अधिनियमाच्या कलम ७(३) प्रमाणे शुल्क भरण्याचे पत्र पाठवल्यापासून शुल्क भरले जाईपर्यंतचा काळ वगळायचा असतो, म्हणजे ज्या क्वेरीला केवळ अर्जाची आणि उत्तराची अशा दोनच तारखा माहीत आहेत तिला हा हिशेब करताच येणार नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून सुरू होते. फेरफाराच्या नोंदीत हरकतीचे १५ दिवस संबंधितांना नोटीस मिळण्याशी बांधलेले असतात, तलाठ्याने नोंद धरल्याच्या तारखेशी नव्हे.

रोजगार हमीच्या मजुरीत तर चुकीच्या मोजणीची किंमत थेट मजुराला मोजावी लागते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या अधिनियमात हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी न मिळाल्यास सोळाव्या दिवसापासून थकीत रकमेवर दररोज ०.०५ टक्के भरपाईची तरतूद करण्यात आली. १,८०० रुपये थकले तर ती दिवसाला ९० पैसे होते. रक्कम क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे विलंब नोंदीवर येतो. हे दिवस सलग मोजायचे असल्याने तेथे सुट्या वगळणारी क्वेरी लावणे म्हणजे विलंबाचा काही भाग लपवणे होय. हिशेब कोठे थांबवायचा हाही वादाचा मुद्दा झाला होता : कार्यालयाने देयकाचा आदेश काढला की गणना थांबवावी, की मजुराच्या खात्यात पैसे जमा झाल्यावर? स्वराज अभियान या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये दुसऱ्या टप्प्यातील, म्हणजे आदेशानंतर पैसे खात्यात जमा होईपर्यंतच्या, विलंबाची जबाबदारीही शासनाला टाळता येणार नाही असे स्पष्ट केले. क्वेरीत शेवटची तारीख म्हणून कोणता स्तंभ घेतला आहे, हा प्रश्न अशा रीतीने न्यायालयात जाऊन सुटला.

दिवसांऐवजी तास मोजू लागले की गुंता वाढतो. पाच दिवसांच्या आठवड्याबरोबर शासकीय कार्यालयांची वेळ सकाळी ९:४५ ते सायंकाळी ६:१५ अशी ठरली. शुक्रवारी ५:१५ वाजता आलेला कागद सोमवारी १०:४५ वाजता मार्गी लागला तर घड्याळाने साडेपासष्ट तास झाले, कामाने दोनच. यासाठी प्रत्येक कामाच्या दिवशी कार्यालय उघडण्याची वेळ आणि काम सुरू झाल्याची वेळ यांतील नंतरची, तसेच कार्यालय बंद होण्याची वेळ आणि काम संपल्याची वेळ यांतील आधीची, घेऊन त्यांची वजाबाकी करायची व उत्तर ऋण आल्यास शून्य धरायचे, एवढी युक्ती पुरते. जेवणाची सुटी याच रीतीने काढून वजा करता येते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवली असेल तर आधी ती भारतीय वेळेत आणावी लागते, अन्यथा मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात ऑनलाइन भरलेला अर्ज आदल्या तारखेला पडतो. तपासणी दिवसा होत असल्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

हे सर्व सूत्रात कोंबण्याचा प्रयत्न अनेकजण करतात आणि क्वेरी दर वर्षी लांबत जाते. त्यापेक्षा दिनदर्शिकेचा वेगळा तक्ता ठेवणे हाच निर्दोष मार्ग आहे : प्रत्येक कार्यालयासाठी प्रत्येक तारखेची एक ओळ, तीत ते उघडे की बंद, बंद असल्यास कोणत्या आदेशाने, वेळ काय, आणि त्या तारखेपर्यंतच्या कामाच्या दिवसांची चढती बेरीज. असा तक्ता फार मोठा होईल ही भीती निराधार आहे. एका कार्यालयासाठी २०२० ते २०२९ या दहा वर्षांच्या ओळी ३,६५३ भरतात. त्यानंतर दोन तारखांच्या चढत्या बेरजांची वजाबाकी केली की पहिला दिवस आपोआप सुटतो, रविवारी भरलेल्या अर्जाचा पहिला दिवस पुढचा कामाचा दिवस ठरतो, आणि अचानक जाहीर झालेल्या सुटीसाठी क्वेरीला हात न लावता तक्त्यातील ती ओळ बदलून पुढची बेरीज नव्याने भरली की झाले.

अखेरचा गैरसमज सरासरीचा आहे आणि तो सर्वांत घातक आहे. सरासरी इतक्या दिवसांत अर्ज निकाली निघतात, असे अहवालात छापले जाते तेव्हा त्यात न निघालेले अर्ज नसतात, कारण ज्यांची अखेरची तारीख भरलेली नाही त्यांची वजाबाकी रिक्त येते आणि सरासरी काढणारे फलन रिक्त मूल्ये मुकाट्याने सोडून देते. परिणामी जे कार्यालय सोपे अर्ज झटपट उरकून अवघड अर्ज वर्षभर पडू देते, ते कागदावर सर्वांत तत्पर ठरते. प्रलंबित अर्जांची संख्या आणि आजच्या तारखेपर्यंतचे त्यांचे वय शेजारी दिलेले नसेल तर अशी सरासरी शहापूरच्या काय, कोणत्याही तालुक्याच्या अहवालात स्वीकारू नये.