कडू किराईत आणि आठवड्याची सर्दी

सिंगापूरला हिवाळा नाही, पण सर्दी बारमाही! शाळेतून एक मूल शिंकत आलं, की आठवड्याभरात सगळं घर शिंकू लागतं.

अशा वेळी आम्हा बुकित तिमाहकरांकडे दोन कडू उपाय हजर असतात. कोकणातून आलेल्या आजीच्या सामानातली ओल्या किराईताची पुडी (नाव ओलं, पाला वाळलेला!) आणि चिनी औषधांच्या दुकानातल्या 'छुआन शिन लियान'च्या गोळ्या. गंमत म्हणजे दोन्ही एकच वनस्पती. शास्त्रीय नाव अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, हिंदीत कालमेघ, मलय भाषेत हंपदू बूमी, म्हणजे 'जमिनीचं पित्त'. चव नावातच आली!

पण गुण खरंच येतो का? सर्दी बहुधा आपोआपच बरी होते. त्यामुळे 'आम्हाला बरं वाटलं' हा काही पुरावा नव्हे. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला काय दिलं ते रुग्णालाही ठाऊक नाही, अशी तुलना हवी. साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली श्वसनमार्गाच्या संसर्गावरील ३३ चाचण्या, एकूण ७१७५ रुग्ण, एकत्र तपासले. खोकला व घसादुखी यांवर पोकळ गोळीपेक्षा किराईताचा गुण अधिक दिसला. मात्र बहुतेक चाचण्यांची आखणी ढिली होती आणि औषधाच्या दर्जाची तपासणीही नीट नोंदलेली नव्हती. पारडं किराईताकडे झुकतं खरं, पण वजनं प्रमाणित नाहीत, असं आम्ही इंजिनिअर मंडळी म्हणू.

शिवाय, मोजून बनवलेल्या गोळीचा निष्कर्ष आजीच्या काढ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पाला कोणता, कधी तोडला, यावर त्यातल्या अँड्रोग्राफोलाइडचं प्रमाण बदलतं. त्यातून हिमालयातलं काडेकिराईत ही तर निराळीच वनस्पती, तेव्हा नावावर जाऊ नये.

आणि 'नैसर्गिक आहे, अपाय कसला?' हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०१५ साली या वनस्पतीमुळे क्वचित होणाऱ्या तीव्र ॲलर्जीबद्दल सावध केलं होतं. गरोदरपणी किराईत टाळावं. रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. इकडे मुक्कामाला आलेल्या आई-वडिलांपैकी किती जण यात मोडतात, ते वाचकांनीच पाहावं.

घसा दुखतोय, प्रकृती एरवी ठणठणीत आहे, तर चार दिवस गोळी घेऊन पाहायला हरकत नाही. पण धाप लागली, ताप उतरेना, तर पुडी बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. मुलांच्या बाबतीत तर पुडी सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.