पुराबरोबर येणारा गाळ

गोदावरीला पूर आला की आम्ही पंचवटीकर दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून पुराचा अंदाज बांधायचा, ही इथली जुनी रीत. पुराचे दुसरे माप म्हणजे पाण्याचा गढूळपणा. त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ही शेतांची आणि डोंगरउतारांची वाहून निघालेली माती असते.

वाहत्या पाण्यात ती माती तरंगत येते. जलाशयात पाण्याचा वेग मंदावला की खाली बसू लागते. जाड वाळू जलाशयाच्या तोंडाशीच थांबते, बारीक चिकणमाती भिंतीपर्यंत पोचते. म्हणजे गाळ फक्त तळाला साचतो असे नाही, उपयुक्त साठ्याची जागाही तो व्यापतो. शिवाय प्रवाह दुप्पट झाला तर गाळ दुपटीहून कितीतरी अधिक वाढतो. म्हणून वर्षाचा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांतच येतो.

याचे ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा नांदूर मध्यमेश्वर बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिथे गाळाची बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. २०२० साली ते राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पक्ष्यांचे भले झाले, पण पाण्याची जागा गेली.

याच कादवेवर वरच्या अंगाला करंजवण धरणाच्या पायथ्याशी छोटे जलविद्युत केंद्र आहे. छोट्या केंद्रांना गाळाचा जाच अधिक. जिथे दिवसभर पाणी साठवून संध्याकाळी वीज काढतात, तिथला साठा मुळातच लहान असतो. तो भरत गेला की संध्याकाळची वीज घटते. पाण्याबरोबर आलेली वाळू टर्बाइनची पाती झिजवते, ते वेगळेच.

गाळ मोजायचा कसा? दिंडोरी रस्त्यावरची आपली 'मेरी' ही संशोधन संस्था त्यासाठी उपग्रहाची छायाचित्रेही वापरते. पाण्याची पातळी तीच, पण पसारा पूर्वीपेक्षा आक्रसलेला, तर तेवढी जागा गाळाने घेतली असे समजायचे.

उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात टाकणे चांगलेच. २०१७ पासून शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही आहे. पण धरण मोठे असेल तर ट्रॅक्टर किती पुरणार? पहिल्या पुराचे गढूळ पाणी तळाच्या दारांतून जाऊ द्यावे आणि मागाहूनचे नितळ पाणी साठवावे, हा जुना उपाय. नाईल नदीवर १९०२ साली पूर्ण झालेल्या आस्वान बंधाऱ्याला त्यासाठी १८० दारे ठेवली होती.

अडचण एवढीच की पुढे पाऊस पडला नाही तर सोडलेल्या पाण्याचा जाब विचारला जातो. यंदाचे पाणी राखायचे की पुढच्या पिढीची जागा, हा प्रश्न दार उघडणाऱ्या एकट्या अभियंत्यावर टाकून चालणार नाही. डोंगरउतारावरची माती तिथेच धरून ठेवणे हे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)